कुत्र्याच्या हनुवटीवरच्या पुळ्या आणि त्याचं जेवणाचं भांडं

मे महिन्यात नागपुरात कुत्र्याच्या अंगावर काहीही उठलं की दोष उष्णतेला जातो. हनुवटीवर काळे ठिपके दिसले, मग लालसर पुळ्या आल्या, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "उष्णता बाहेर पडतेय, ताक द्या." पण या पुळ्या हिवाळ्यातही येतात, आणि त्यांचं कारण पोटात नसून त्वचेतच असतं.

बॉक्सर, डॉबरमन, बुलडॉग, ग्रेट डेन, रॉटवायलर अशा आखूड केसांच्या जातींत हा त्रास जास्त दिसतो. सुरुवात बहुधा पिल्लू वर्षाचं व्हायच्या आत होते. तारुण्यपीटिकांशी हे वरवर सारखं वाटतं, पण आत घडतं ते वेगळं. माणसाच्या मुरुमांमागे संप्रेरकं आणि तेलकट स्राव असतात. कुत्र्याच्या हनुवटीवरचे केस आखूड आणि ताठ असतात. फरशीवर तोंड टेकून झोपणं, भांड्याच्या कडेवर हनुवटी घासणं, खेळणी चावणं, यात ते केस उलटे आत ढकलले जातात आणि केशकूपातच, म्हणजे केस जिथून उगवतो त्या खळगीतच, मोडतात. केशकूप फुटला की केसाचा तुकडा त्वचेच्या खोल थरात शिरतो. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्या थरात केराटिन परकं ठरतं. बोटात कुसळ रुतल्यावर जसं बोट लाल होऊन ठणकतं, तसंच इथे होतं. पुढे त्वचेवर एरवी गपचूप राहणारा स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जिवाणू संधी साधतो आणि पू धरतो.

म्हणूनच पुळी पिळायची नाही, हे मी कळकळीने सांगते. पिळली की केशकूप आतल्या बाजूला फुटतो, तुकडे आणखी खोल जातात आणि कायमचे वण राहतात.

यात भांड्याचा दोष किती? पुळ्यांचं एकमेव कारण भांडं नसतं, पण बदलायला सगळ्यात सोपी गोष्ट तीच. प्लास्टिकचं जुनं भांडं रिकामं करून खिडकीच्या उजेडात तिरकं धरा. तारेच्या घासणीचे बारीक ओरखडे चारी बाजूंनी दिसतील, कडेला दातांच्या खुणा आणि खरखरीत झालेले कंगोरे. आता पाण्याच्या भांड्याच्या तळाला बोट फिरवा. बुळबुळीत लागतं ना? जिवाणू पृष्ठभागाला चिकटून स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात, त्याला जैवपटल म्हणतात. नुसतं पाणी ओतून ते निघत नाही, आणि ओरखड्यांत दडलेलं तर घासूनही पुरतं निघत नाही. 2011 साली अमेरिकेतल्या एनएसएफ या संस्थेने 22 घरांतल्या वस्तूंवरचे जंतू तपासले, तेव्हा पाळीव प्राण्यांचं भांडं सगळ्यात अस्वच्छ जागांत चौथं आलं होतं. काही थोड्या कुत्र्यांना प्लास्टिकची किंवा रबराची ॲलर्जीही असते; तेव्हा नाक, ओठ, हनुवटी, म्हणजे भांड्याला टेकणारा भागच लाल होतो.

माझी पसंती स्टीलला. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो, गंज धरत नाही आणि ओरखडेही सहज पडत नाहीत. इतवारीच्या बाजारात भांडी घेताना लोक लोहचुंबक लावून बघतात, पण त्याने निकाल लागत नाही. 304 ग्रेडचं स्टील (साधारण 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल) चुंबकाला जवळपास चिकटत नाही, पण कमी निकेलचं 202 सुद्धा चिकटत नाही. आणि चिकटणारं 430 कुत्र्याच्या जेवणाला चांगलं चालतं. त्यापेक्षा तळावरचा ग्रेडचा शिक्का बघा आणि कडेवरून बोट फिरवा; कड गुळगुळीत, आत वळवलेली हवी. पसरट, उथळ भांडं घेतलं तर हनुवटी कमी घासते.

चिनी मातीचं भांडं चालेल, पण अन्नासाठी बनवलेलं आणि न तडकलेलं; शोभेच्या भांड्यांच्या झिलईत शिसं असू शकतं. तांब्या-पितळेच्या किंवा जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) भांड्यात ताक-पोळी नको, आंबटाने धातू उतरतो. साध्या मातीचं भांडं पाणी गार ठेवतं खरं, पण ते सच्छिद्र असल्याने नीट निर्जंतुक होत नाही. स्टीलला एकच जपणूक लागते: नागपूरच्या 45 अंशांत ते उन्हात ठेवू नका, पाणी तापतं आणि कड चटका देते.

जेवणाचं भांडं प्रत्येक जेवणानंतर आणि पाण्याचं रोज, साबण आणि मऊ घासणीने घासा, पूर्ण वाळू द्या. जेवण झालं की कुत्र्याची हनुवटी ओल्या फडक्याने हळूच टिपून कोरडी करा. रगडू नका, रगडण्यानेच केस आत मोडतात.

चार-दोन काळे ठिपके एवढ्यानेही आटोक्यात राहतात, आणि पुष्कळ पिल्लांत वय वाढल्यावर कमीही होतात. पण पू, रक्त, सूज किंवा दुखणं असेल तर पशुवैद्यकाकडे न्या. डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्यांनी होणारा त्वचारोग आणि गजकर्ण दिसायला अगदी असेच असतात. त्वचा किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की किडे दिसतात. गजकर्णासाठी केसांची वेगळी तपासणी असते, आणि ते घरातल्या माणसांनाही लागतं. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम अशा वेळी आजार वाढवतं. माणसांच्या मुरुमांचं बेंझॉइल पेरॉक्साइडही परस्पर लावू नका; कुत्र्यांसाठी ते साधारण अडीच-तीन टक्क्यांचं वापरतात, माणसांचं 10 टक्क्यांचं त्यांची कातडी भाजल्यासारखी करतं. टी ट्री तेल तर विषारीच.

चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाचं तोंड अचानक सुजलं आणि जबड्याखाली गाठी आल्या, तर ही पुळ्यांची गोष्ट नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा.