मराठवाड्यातून गाण्यांचं अ‍ॅप निवडताना: थोडी पार्श्वभूमी

स्पॉटिफाय घ्यावं की जिओसावन, यूट्यूब म्युझिकचे पैसे भरावेत की अ‍ॅपल म्युझिकचे, ही चर्चा आता नांदेड-लातूरच्या घरांतही होते. ती बहुतेक वेळा महिन्याच्या दरावर आणि आवाजाच्या दर्जावर येऊन थांबते. पण दर सारखे बदलत असतात, आणि दर्जातला बारीक फरक एसटीत खिडकीशी बसून साध्या इअरफोनवर ऐकणाऱ्याला जाणवतही नाही. माझ्या मते आधी दोनच गोष्टी पाहाव्यात. आपण ऐकतो ती गाणी त्या अ‍ॅपवर आहेत का, आणि पुढच्या वर्षीही राहतील का? त्या ठरतात गाण्याच्या मालकीवर, आणि मालकीची ही भानगड मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हाच औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, रेडिओ केंद्र होतं. स्वातंत्र्याच्या वेळी देशात संस्थानांची पाच केंद्रं होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद आणि औरंगाबाद. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं आणि पुढे तिथली रेडिओ केंद्रं आकाशवाणीकडे गेली. औरंगाबादचं केंद्र काही वर्षांतच बंद पडलं. परभणीला आकाशवाणी यायला साठचं दशक सरत आलं. मधल्या काळात इथल्या माणसाने जे ऐकलं, ते लांबून येणारं.

त्याच मधल्या काळात, १९५२ मध्ये, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताबद्दल त्यांना मनापासून आस्था होती आणि सिनेसंगीताबद्दल तेवढीच अढी. आकाशवाणीने सिनेगीतांचा वेळ कमी केला. गाण्याआधी चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून तेही बंद केलं. निर्मात्यांनी उलट आपली परवानगीच काढून घेतली. सिनेगीतं आकाशवाणीवरून गेली आणि ऐकणारा वळला रेडिओ सिलोनकडे, अमीन सायानींच्या बिनाका गीतमालेकडे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली तेव्हा कुठे हा श्रोता परतू लागला. वाजवणारा एक आणि मालक दुसरा, त्यांचं बिनसलं की गाणं श्रोत्याच्या हातून जातं, हे इथे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं. पुढे २०१९ मध्ये स्पॉटिफायवर जे झालं ते याच जातीचं होतं.

तबकडीचा जमाना मराठवाड्यात मोजक्या घरांपुरता होता. ग्रामोफोन महाग, आणि तबकड्या मुख्यतः एकाच कंपनीच्या, एचएमव्हीच्या. कॅसेटने मात्र सगळं उलटंपालटं केलं. ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर स्वस्त झाले, सेलवर चालणारे आले, म्हणजे वीज गेली तरी गाणं चालू. कॅसेट काढायला मोठा कारखाना लागत नव्हता. त्यामुळे मुंबईच्या स्टुडिओपर्यंत ज्यांचा आवाज कधी पोचला नसता, अशांच्याही कॅसेट बाजारात आल्या. तुळजापूरच्या वाटेवर चालताना संबळ-झांजेच्या साथीने म्हणायची आराधी गाणी, खुलदाबादच्या उरुसातल्या कव्वाल्या, भारुडं, गोंधळ. गोंधळ म्हटला की परभणीचे राजारामबापू कदम यांचं नाव आपल्याकडे आजही आदराने घेतलं जातं. हे सगळं अंगणात, मांडवात, जत्रेत गायलं जाणारं संगीत. कॅसेटमुळे ते घरात साठवता आलं.

भीमगीतांची गोष्ट तर याहून मोठी. वामनदादा कर्डक गावोगाव फिरून गायले, लिहिते राहिले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज कॅसेटमधून वस्त्यावस्त्यांत पोचले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ चा आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली सोळा वर्षं मराठवाडा ज्या आगीतून गेला, त्या काळात ही गाणी सभेला माणसं जमवत होती आणि जळलेल्या घरांतल्या माणसांना धीर देत होती. रेडिओवर त्यांना किती जागा मिळाली, हे ज्याने तो काळ पाहिलाय त्याला सांगायला नको. म्हणून कोणत्याही सेवेची परीक्षा करताना मी आधी पाहतो ते हेच की ही गाणी तिथे आहेत का, आणि आहेत तर कुणाच्या नावाने आहेत.

‘कुणाच्या नावाने’ हा भाग महत्त्वाचा, कारण कॅसेटच्याच काळात आणखी एक गोष्ट घडली. १९८३ मध्ये गुलशन कुमार यांनी टी-सीरीज सुरू केली. तेव्हाच्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद होती: मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं झाली की ठरलेलं मानधन भरून तेच गाणं दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेता येत असे. त्या आधारावर जुन्या गाण्यांच्या ‘व्हर्जन’ कॅसेटचा पूर आला. एचएमव्हीच्या जुन्या गाण्यांची मागणी प्रचंड आणि पुरवठा तोकडा, त्यामुळे नव्या आवाजातली स्वस्त कॅसेट हातोहात खपली. २०१२ च्या दुरुस्तीने हे नियम बरेच कडक केले, पण तोवर निघालेली पुष्कळ व्हर्जन आज अ‍ॅपवर आहेत. जुनं गाणं शोधलं की नाव तेच, चाल तीच, आणि आवाज भलत्याचाच, हा अनुभव ज्यांना येतो त्यांनी अ‍ॅपला दोष देण्याआधी गाण्याखाली लिहिलेलं कंपनीचं नाव आणि साल वाचावं. मूळ मुद्रण सापडायची वाट तिथूनच जाते.

सीडी आपल्याकडे आली आणि फार न रेंगाळता गेली. तिच्या पाठोपाठ एमपी३ आणि मेमरी कार्ड. तालुक्याच्या बसस्टँडसमोर मोबाइलचं छोटं दुकान, काउंटरवर जुना संगणक, त्याला कार्ड रीडर. पडद्यावर फोल्डरांची रांग: देवीची गाणी, भीमगीते, कव्वाली, जुने हिंदी, लग्नाची, डीजे. गिऱ्हाईक सांगायचं, ‘दोन जीबीचं आहे, अर्ध्यात देवीची टाका, अर्ध्यात जुनी.’ दुकानदार फोल्डरच्या फोल्डर ओढून टाकायचा आणि वर स्वतःच्या पसंतीची दहा-वीस गाणी भर म्हणून द्यायचा. कलाकाराला यातून छदामही मिळत नव्हता. शिवाय आणखी एक नुकसान झालं, ज्याची चर्चा होत नाही. त्या फायलींत गायकाच्या रकान्यात वेबसाइटचं नाव असायचं, गाण्याच्या नावाच्या जागी ‘ट्रॅक ०४’. कॅसेटच्या कव्हरवर गायक, कवी, ढोलकीवाला यांची नावं तरी छापलेली असत. कार्डावर फक्त आवाज उरला. यांतली काही गाणी नंतर तशीच, निनावी किंवा चुकीच्या नावाने, इंटरनेटवर चढली. आज एखाद्या आराधी मेळ्याचं गाणं नावाने शोधून मिळत नाही, त्याचं मूळ पुष्कळदा इथे आहे.

स्ट्रीमिंगची, म्हणजे गाणं नेटवरून थेट ऐकण्याची, आपल्याकडची सुरुवात सांगताना पुण्याच्या धिंगाणाचा उल्लेख व्हायलाच हवा. स्नेहल आणि स्वप्निल शिंदे या जुळ्या भावांनी २००७ मध्ये ही सेवा काढली. सावनही त्याच वर्षातली, गाना २०१० ची. २०१४ च्या सुरुवातीला टी-सीरीजचा परवाना पुन्हा मिळाला नाही आणि धिंगाणा बंद पडली. तिची मालमत्ता अमेरिकेच्या आरडीओने घेतली, आणि पुढच्याच वर्षी आरडीओनेही दिवाळखोरी जाहीर केली. चांगली चालणारी मराठी माणसांची सेवा एका परवान्यावरून गेली, याची मला अजून हळहळ वाटते.

तोवर हे सगळं शहरापुरतं होतं. मराठवाड्याच्या खेड्यांत स्ट्रीमिंग पोचलं ते ५ सप्टेंबर २०१६ नंतर, जिओ आल्यावर. मार्च २०१७ पर्यंत डेटा फुकट होता. त्या काळात अ‍ॅप कुणी निवडत नव्हतं, सिमच निवडत होतं: जिओच्या सिमवर जिओम्युझिक, एअरटेलच्या सिमवर २०१४ पासून चालू असलेलं विंक. जिओम्युझिक आणि सावन यांचं एकत्रीकरण मार्च २०१८ मध्ये जाहीर झालं आणि वर्षाअखेर जिओसावन तयार झालं.

परदेशी सेवांत अ‍ॅपल म्युझिक २०१५ मध्येच आलं होतं, अ‍ॅमेझॉनची सेवा फेब्रुवारी २०१८ मध्ये, स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि यूट्यूब म्युझिक त्याच्या पुढच्याच महिन्यात. स्पॉटिफाय आलं तेच खटला घेऊन. वॉर्नर समूहाने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पाठोपाठ सारेगामाने, म्हणजे पूर्वीच्या एचएमव्हीने, दिल्लीत दाद मागितली आणि तिची गाणी स्पॉटिफायवरून उतरली. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीत कलम ३१-ड आलं होतं, त्यानुसार रेडिओ आणि दूरचित्रवाणीला ठरलेला दर भरून गाणी वाजवता येतात. तीच सवलत इंटरनेटलाही आहे, असं अ‍ॅपवाल्यांचं म्हणणं होतं. एप्रिल २०१९ मध्ये टिप्स ही गाण्यांची कंपनी विरुद्ध विंक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळलं, आणि २०२२ मध्ये खंडपीठानेही तोच निकाल कायम ठेवला.

या निकालाचा अर्थ आपल्यासाठी सरळ आहे. प्रत्येक अ‍ॅपला प्रत्येक कंपनीशी वेगळा करार करावा लागतो, आणि करार संपला की गाणी जाऊ शकतात. सारेगामाचा स्पॉटिफायशी करार झाला मे २०२० मध्ये. म्हणजे वर्षभर, जुनी भावगीतं आणि नाट्यगीतं ऐकणाऱ्या मराठी माणसाला स्पॉटिफायचा फारसा उपयोग नव्हता, त्याचा आवाज कितीही स्वच्छ असला तरी. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून अशीच अचानक दिसेनाशी झाली होती.

गाणीच काय, सेवाही जातात. गुगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झालं. रेसो २०२० मध्ये आलं आणि ३१ जानेवारी २०२४ रोजी गेलं. विंक बंद करत असल्याचं एअरटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. गानामध्ये २०१८ साली चीनच्या टेन्सेंटच्या पुढाकाराने ११.५ कोटी डॉलर आले होते. २०२२ मध्ये ती सेवा फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी राहिली आणि २०२३ च्या अखेरीस रेडिओ मिर्चीच्या कंपनीने तो व्यवसाय २५ लाख रुपयांना घेतला. संभाजीनगरात २५ लाखांत बरा फ्लॅट मिळणंही अवघड.

आता आपल्या मातीतल्या गाण्यांचं काय? आराधी गाणी, भीमगीतं, गावोगावची भजनी मंडळं आजही सर्वांत जास्त सापडतात ती यूट्यूबवर, कारण तिथे कुणालाही थेट गाणं चढवता येतं. स्पॉटिफाय किंवा अ‍ॅपलवर गाणं टाकायचं तर मधे वितरक लागतो, नावं-तपशील नीट भरावे लागतात. यूट्यूब म्युझिक यूट्यूबवरच्या ध्वनिचित्रफितींतूनही शोधतं, म्हणून असं संगीत ऐकणाऱ्या घरासाठी मी तेच पुढे ठेवेन. जुनी हिंदी-मराठी गाणी मुख्य असतील तर आधी आपल्या आवडीची वीसेक गाणी काढून, मूळ आवाजात, फुकटच्या आवृत्तीवर शोधून पाहावीत. शोधताना देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिप्या वापराव्यात, कारण एकाच गायकाचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं.

फुकट ऐकणाऱ्यांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. स्पॉटिफायने ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतातल्या फुकटच्या आवृत्तीत हव्या त्या क्रमाने गाणी ऐकण्यावर, मागे-पुढे नेण्यावर बंधनं घातली होती. डेटाचा हिशोब सोपा आहे: ९६ केबीपीएसवर (सेकंदाला ९६ किलोबिट) तासाला साधारण ४३ एमबी, ३२० वर १४४ एमबी. किनवट किंवा पाटोद्याच्या डोंगराळ भागात जिथे रेंज येते-जाते, तिथे घरून गाणी उतरवून निघणंच बरं. पण ती उतरवलेली गाणीही अ‍ॅपच्या कुलुपातच राहतात. स्पॉटिफायवर तीस दिवसांत एकदा तरी नेट लावावं लागतं, आणि वर्गणी थांबली की ती वाजत नाहीत.

पैसे कुणाला मिळतात, हेही निवडीत धरावं असं मला वाटतं. स्पॉटिफायसारख्या सेवेत आपली वर्गणी थेट आपण ऐकलेल्या गायकाला जात नाही. सगळ्यांचे पैसे एकत्र जमतात आणि एकूण ऐकण्यातल्या वाट्याप्रमाणे वाटले जातात. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा, की मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. तुळजापूर किंवा माहूरच्या वाटेवरचा एखादा मेळा आपली दहा गाणी तिथे चढवतो आणि प्रत्येक गाणं आठशे वेळा ऐकलं जातं, तर आठ हजार वेळा गाऊनही हातात शून्य. म्हणून वर्गणी कोणत्याही अ‍ॅपची असो, मेळ्याची किंवा शाहिराची सीडी, पेनड्राइव्ह मांडवात विकायला असेल तर ती घ्यावी. त्यातली फाइल आपली असते, कुठल्याही कराराशिवाय वाजते. संगणकावर घेताना गायकाच्या रकान्यात त्याचं नाव, कवीचं नाव आणि गाव तेवढं नीट टंकून ठेवावं.