मोकळं रान आणि सामायिक रान

शेतकरी आणि पशुपालक यांच्या भांडणात 'ही जमीन सगळ्यांची' असं कुणी म्हणालं, की लगेच विचारावं: कशी सगळ्यांची? कुणीही यावं, कितीही गुरं चारावीत अशी? की ठरलेल्यांनी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या नियमांनी वापरायची? पहिलं मोकळं रान, दुसरं सामायिक. कुंपण बहुधा दोन्हीला नसतं, म्हणून गल्लत होते.

अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली 'सायन्स' नियतकालिकात कल्पिलेलं कुरण पहिल्या प्रकारचं होतं. जनावर वाढवलं की फायदा एकट्याचा, कुरणाची झीज सगळ्यांची. म्हणून प्रत्येक जण वाढवत जातो आणि कुरण उजाड होतं. त्यांच्या मते उपाय दोनच: खासगी मालकी किंवा सरकारी अंकुश. लेखाच्या शीर्षकात ('द ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स', म्हणजे सामायिक रानाची शोकांतिका) मात्र दोष सामायिक मालकीच्या माथी मारलेला. आपल्याला 'व्यवस्था नसलेलं' कुरण म्हणायचं होतं, हे त्यांनी १९९०च्या दशकात मान्य केलं. तोवर धोरणं ठरून गेली होती.

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कल्पनेऐवजी खरी कुरणं पाहिली. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावात १५१७ पासून नियम आहे: हिवाळाभर जितक्या गायी पोसता येतात, तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात न्यायच्या. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात नायजर नदीच्या पूरमैदानात एकोणिसाव्या शतकातल्या मासिना राज्याने कळपांच्या वाटा आणि पाणी ओसरल्यावर कुरणात शिरण्याचा क्रम ठरवून दिला होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने जमिनीवर हक्क सांगितला आणि या क्रमाचा धाक ओसरला. म्हणजे सामायिक रान मोकळं झालं. मग तिथली मारामारी दाखवून 'सामायिक मालकी चालतच नाही' म्हणायचं, हे मला तरी अन्यायाचं वाटतं.

या गल्लतीला सतराव्या शतकातले इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांचा विचारही हातभार लावतो. जमिनीत श्रम घालणारा तिचा मालक, असं ते मानत. नांगरट डोळ्यांना दिसते. पण वर्षातून दोन महिने येऊन, कापणीनंतरची धसकटं चारून शेतात शेणखत टाकून जाणाऱ्या गुराख्याचे श्रम मोजायचे कसे? कुंपण पडलं, की त्याची वाट बंद होते आणि शेतकऱ्याचं फुकटचं खतही.

वापरणाऱ्यांनीच नियम ठरवून पाळायचे, ही ऑस्ट्रॉम यांची वाटही सोपी नाही. नियम पाळायचे, तर वाटेकरी कोण हे आधी ठरावं लागतं. दुष्काळात लांबून आलेला, कधीच न पाहिलेला कळप त्या यादीत बसत नाही, आणि अलीकडची बरीच भांडणं नेमकी त्याच्याशीच होतात.