भारतीय परराष्ट्र सेवेसाठी अर्ज : सातारा-सांगलीच्या उमेदवारांनी दाखल्यांची तयारी कशी करावी

भारतीय परराष्ट्र सेवेसाठी स्वतंत्र परीक्षा नसते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या ज्या नागरी सेवा परीक्षेतून प्रशासकीय आणि पोलीस सेवेतील अधिकारी निवडले जातात, तीच परीक्षा द्यावी लागते. सेवांच्या पसंतीक्रमात परराष्ट्र सेवा वर ठेवायची आणि तेवढा गुणानुक्रम मिळवायचा.

उमेदवार भारताचा नागरिक आणि कोणत्याही शाखेचा पदवीधर असावा. परीक्षेच्या वर्षी १ ऑगस्टला त्याचे वय किमान २१ असावे आणि ३२ वर्षे पूर्ण झालेली नसावीत. इतर मागासवर्गीयांना ३, तर अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सवलत आहे. खुल्या प्रवर्गाला ६ आणि इतर मागासवर्गाला ९ संधी मिळतात. शुल्क १०० रुपये असून महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना ते माफ आहे. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मात्र इंग्रजीचा पात्रता पेपर चुकत नाही.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्यातील नाव व जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी तंतोतंत जुळली पाहिजे. खरी अडचण येते ती दाखल्यांची. इतर मागासवर्गीयांनी राज्याच्या भरतीसाठी काढलेला नॉन-क्रिमीलेयर (उन्नत गटात मोडत नसल्याचा) दाखला येथे चालत नाही; सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर अर्ज करतानाच केंद्र शासनाच्या नमुन्यातील दाखला हवा, असे स्पष्ट नमूद करावे. राज्याने मराठा समाजाला दिलेले एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षणही केंद्राच्या परीक्षेत लागू नाही, त्यामुळे इतर मागासवर्गाचा दाखला नसलेले मराठा उमेदवार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून अर्ज करतात.

त्या घटकाची अट आपल्या दुष्काळी पट्ट्याला विशेष जाचक ठरते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी असले तरी ५ एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असल्यास दाखला मिळत नाही, आणि माण, खटाव, जत, आटपाडीकडची कोरडवाहू जमीन कृष्णाकाठच्या बागायतीइतकीच मोजली जाते. म्हणून सातबारा आणि आठ-अ उतारे आधी काढून कुटुंबाच्या नावावर प्रत्यक्ष किती क्षेत्र आहे, ते पाहावे. दाखल्यावर जाहिरातीत सांगितलेलेच आर्थिक वर्ष हवे आणि तो अर्जाच्या अंतिम तारखेपूर्वीचा असावा.

निवड झाल्यावर मसुरी येथे पायाभूत प्रशिक्षण होते, त्यानंतर दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत पुढील प्रशिक्षण होते आणि एक परकीय भाषा शिकावी लागते. इतर देशांना दिली जाणारी कर्जे, अनुदाने आणि प्रशिक्षण यांचे काम परराष्ट्र मंत्रालयाचा २०१२ साली स्थापन झालेला विकास भागीदारी विभाग पाहतो. आर्थिक विकासाच्या कामाची ओढ असणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधरांना याच आयोगाची भारतीय आर्थिक सेवा परीक्षाही खुली आहे. तिची सर्वसाधारण वयोमर्यादा २१ ते ३० वर्षे आहे आणि केंद्राच्या नमुन्यातील दाखला तिथेही लागतो.