डीएसटी केलं म्हणजे अप्रेंटिसशिप झाली असं नाही

आयटीआयच्या प्रवेशांच्या दिवसांत हे वाक्य ठरलेलं: "पोरगं डीएसटीला आहे, अप्रेंटिसशिप त्यातच उरकेल." नाही उरकत. डीएसटी, म्हणजे ड्युअल सिस्टिम ऑफ ट्रेनिंग, ही आयटीआयचीच प्रशिक्षणाची एक पद्धत. कुठेकुठे फलकावरच 'डीएसटी अप्रेंटिसशिप' असं रंगवलेलं असतं, मग पालकांना काय बोलणार?

अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत काम करत शिकायची शिकाऊ उमेदवारी, तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्यासाठी १९६१ चा कायदा, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेण्याची सक्ती, दरमहा विद्यावेतन. डीएसटी ही २०१६ पासूनची दुहेरी पद्धत: थिअरी आणि सुरुवातीचं प्रॅक्टिकल आयटीआयत, उरलेलं प्रॅक्टिकल कारखान्यात. दोन्हीकडची मुलं सेफ्टी शूज घालून त्याच गेटमधून आत जातात, त्यामुळे बाहेरून सगळं सारखंच.

बघायचं ते एवढंच, की कागदावर सह्या कोणाच्या आहेत. डीएसटीत सामंजस्य करार होतो तो आयटीआय आणि कंपनीत. मुलगा त्या करारात पक्षकारच नसतो. कारखान्यात कितीही महिने काढले तरी तो आयटीआयचा प्रशिक्षणार्थी. परीक्षा आयटीआयची आणि शेवटी मिळतं ते एनटीसी, म्हणजे आयटीआय पास झाल्याचं राष्ट्रीय प्रमाणपत्र. अप्रेंटिसशिपचा करार थेट कंपनी आणि उमेदवारात (वय कमी असेल तर पालकाची सही), आणि तो सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलेला. त्यातूनच पुढे एनएसी, म्हणजे अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय प्रमाणपत्र. करारच नसेल तर कायद्यातलं किमान विद्यावेतन मागायचं कोणत्या आधारावर?

याची झळ बसते ती भरतीत. रेल्वेच्या लेव्हल-१ (सर्वात खालच्या वेतनश्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा रेल्वेच्याच आस्थापनांत अप्रेंटिसशिप पूर्ण करून एनएसी मिळवलेल्यांसाठी असतात. एखाद्या कंपनीत सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) महिनोन्‌महिने काम केल्याचं डीएसटीचं पत्र तिथं कोणी बघत नाही.

तरीही डीएसटी मिळत असेल तर घ्याच, असंच मी सांगेन. संस्थेतल्या जुनाट लेथवर दोन वर्षं घासण्यापेक्षा चालू शॉपफ्लोअर केव्हाही बरा. पण आयटीआयच्या निदेशकांनी, म्हणजे शिकवणाऱ्यांनी, अधूनमधून तिथं डोकवायला हवं. मुलांना पॅकिंगला नाहीतर माल चढवायला उभं करणाऱ्या कंपन्यांशी करार करून संस्था काय साधतात, मला कळत नाही. आणि एनटीसी हातात आलं की अप्रेंटिसशिप वेगळी करायची, टाळायची नाही.

अप्रेंटिस घेतलं म्हणजे कंपनीला पुढे नोकरी द्यावीच लागते, हाही एक भ्रम. करारात तसं लिहिलेलं नसेल, तर १९६१ च्या त्याच कायद्याच्या कलम २२ नुसार तिच्यावर बंधन नाही.