कर्नल बदलला की बोगदा का बुजतो?

मशीन अपडेट केलं, रीस्टार्ट केलं. ब्राउझरमध्ये पानं झरझर उघडत होती. अर्ध्या तासाने दूरच्या एका सर्व्हरवर लॉगिन करायला गेलो तेव्हा तो काही केल्या सापडेना. शोधाशोध केल्यावर उलगडा झाला: व्हीपीएनचं (माहिती एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद करून नेणाऱ्या बोगद्याचं) मॉड्यूल (कर्नलमध्ये बसणारा कोडचा तुकडा) नव्या कर्नलमध्ये लोडच झालं नव्हतं. तो अर्धा तास माझं सगळं येणंजाणं बोगद्याऐवजी उघड्या रस्त्याने चाललं होतं.

या बिघाडाचं हेच मला सर्वांत घातक वाटतं. प्रिंटर बंद पडला तर लगेच कळतं. एन्क्रिप्शनचा बोगदा उभा राहिला नाही, तर काम अडत नाही. पॅकेटं, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, नेहमीच्या वाटेने निघून जातात आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

हे का होतं ते समजायला कर्नलच्या आत डोकवावं लागतं. कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी, प्रोसेसर, नेटवर्क कार्ड सगळं त्याच्या ताब्यात. एन्क्रिप्शनचा प्रोग्राम या गाभ्याबाहेर चालवला, तर प्रत्येक पॅकेट आतून बाहेर आणायचं, कुलूपबंद करायचं आणि पुन्हा आत पाठवायचं, अशा खेपा घालाव्या लागतात. वेग हवा म्हणून हे काम कर्नलच्या आतच मॉड्यूल बसवून करतात. वेग मिळतो, पण त्या मॉड्यूलचं नशीब कर्नलशी बांधलं जातं.

माझ्या मशीनवरच्या लिनक्स या कर्नलचा एक नियम फार कडक आहे: बाहेरून चालणारे प्रोग्राम नव्या कर्नलमुळे मोडता कामा नयेत. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स याबाबत कुणाची गय करत नाहीत. पण आत बसणाऱ्या मॉड्यूलना असं कोणतंही वचन नाही, आणि तसं देणार नाही हे कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्या दस्तऐवजात कारणांसह लिहून ठेवलं आहे. आतली रचना सुधारायची तर हात मोकळे हवेत, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, जरी त्याचा फटका मलाही बसला असला तरी.

हा फटका नेमका कसा बसतो? कर्नलमध्ये प्रत्येक पॅकेटसोबत माहितीचा एक तक्ता फिरतो: पॅकेटची लांबी किती, ते कुठल्या कार्डावरून आलं, मजकूर मेमरीत कुठून सुरू होतो. समजा, मॉड्यूल कंपाइल झालं, म्हणजे त्याच्या कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर झालं, तेव्हा लांबीचा रकाना या तक्त्याच्या चाळिसाव्या बाइटवर होता. मॉड्यूलमध्ये त्या रकान्याचं नाव उरत नाही, फक्त 40 हा आकडा कोरला जातो. नव्या कर्नलमध्ये कुणी मध्ये आठ बाइटचा एक रकाना घातला, की लांबी सरकते 48 वर. जुनं मॉड्यूल मात्र चाळिसाव्या बाइटवरच वाचतं आणि तिथे जे सापडेल त्याला लांबी समजतं. पुढे एक तर मशीन कोसळतं, नाहीतर भलतीच मेमरी खराब होते.

असं होऊ नये म्हणून मॉड्यूलवर कर्नलच्या आवृत्तीचा शिक्का असतो. शिवाय पुष्कळ कर्नलांमध्ये प्रत्येक फंक्शनच्या आणि त्याला लागणाऱ्या रचनांच्या वर्णनावरून काढलेला एक तपासणी-आकडाही असतो. तो जुळला नाही की कर्नल मॉड्यूलला दारातच अडवतो. माझ्या लॉगमध्ये तीच ओळ होती: सिम्बॉलच्या (म्हणजे फंक्शनच्या नावाच्या) व्हर्जनबाबत मेळ नाही. त्या वेळी राग आला होता, पण कर्नलने योग्यच केलं होतं.

मग नव्याने कंपाइल केलं की झालं? कधी होतं, कधी नाही. कर्नलच्या 4.15 या आवृत्तीत टायमर सुरू करायची जुनी पद्धतच काढून टाकली. 5.0 मध्ये वेळ विचारण्याचं एक जुनं फंक्शन गेलं, कारण 32 बिटांमध्ये मोजलेले सेकंद 19 जानेवारी 2038 रोजी संपतात आणि त्याची तयारी चालू होती. कारण रास्त, पण ते फंक्शन वापरणारं प्रत्येक बाहेरचं मॉड्यूल त्या दिवशी कंपाइल होईनासं झालं. नवा कर्नल दर नऊ-दहा आठवड्यांनी येतो. बाहेर राहणाऱ्याने जन्मभर त्याच्यामागे धावायचं.

जॉन गिलमोर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या फ्रीस्वॉन प्रकल्पाची हीच गत झाली. इंटरनेटवरची वाहतूक सरसकट एन्क्रिप्ट व्हावी अशी त्यांची धडपड होती. एन्क्रिप्शनवरच्या अमेरिकेच्या निर्यातबंदीच्या कायद्यांमुळे ते अमेरिकन नागरिकांचा कोड घेत नसत, आणि त्यांचा कर्नलमधला भाग मुख्य कर्नलमध्ये कधीच गेला नाही. डिसेंबर 2003 मध्ये आलेल्या 2.6 कर्नलमध्ये स्वतःचं आयपीसेक, म्हणजे पॅकेटं एन्क्रिप्ट करण्याचं हेच काम करणारी यंत्रणा होती. 2004 मध्ये प्रकल्प थांबला. त्यांचा तो भाग वारसदार प्रकल्पांनी पुढे बरीच वर्षं ओढला आणि त्यांपैकी लिब्रेस्वॉनने तो 2020 मध्ये काढून टाकला.

त्याच वर्षी वायरगार्ड या व्हीपीएनची उलटी गोष्ट घडली. जेसन डोनेनफेल्ड यांचा हा अवघ्या चारेक हजार ओळींचा कोड आधी बाहेरचं मॉड्यूल म्हणूनच चालायचा, आणि 3.10 पासूनच्या कर्नलांशी जुळवून घेणारा वेगळा थर त्याला सांभाळावा लागे. मार्च 2020 मध्ये 5.6 कर्नलसोबत तो मुख्य कोडमध्ये आला. आता आतली एखादी रचना बदलणाऱ्यालाच वायरगार्डमधली तिची जागाही दुरुस्त करावी लागते. धावायचं काम दुसऱ्या बाजूला गेलं.

ज्यांचं मॉड्यूल अजून बाहेरच आहे त्यांच्यासाठी डीकेएमएस हे साधन नवा कर्नल आला की आपोआप पुन्हा कंपाइल करतं. पण त्या कर्नलच्या हेडर फाइल्स (आतल्या रचनांची वर्णनं) मशीनवर नसतील तर तेही हात टेकतं, आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना डिजिटल सही तपासणारी सोय) चालू असेल तर सहीशिवायचं मॉड्यूल बहुधा आत घेतलं जात नाही. म्हणून मी आता रीस्टार्टच्या आधी मॉड्यूल नव्या कर्नलसाठी तयार झालंय का ते पाहतो आणि जुना कर्नल बूट मेन्यूत राहू देतो. फायरवॉलमध्येही नियम घातलाय: बोगद्याचा इंटरफेस नसेल तर बोगदा जोडायला लागणारी पॅकेटं सोडून एकही पॅकेट बाहेर जायचं नाही. पुढच्या वेळी मॉड्यूल अडलं, तेव्हा ब्राउझरमध्ये एकही पान उघडलं नाही आणि मला पहिल्याच मिनिटाला कळलं.