सोलर कारंजं की सोलर एअर पंप?

घरापुढच्या सिमेंटच्या हौदात कमळ लावलं, चार गोल्डफिश सोडले आणि वर तरंगणारं सोलर कारंजं टाकलं. पाणी उडतंय म्हणजे माशांना हवा मिळतेय, असा माझा हिशोब. मे महिन्यात एका पहाटे जास्वंदीची फुलं काढायला गेलो, तर चारही मासे तोंडं वर काढून धापा टाकत होते. कारंजं अर्थातच बंद. ऊनच नव्हतं.

दोन्ही वस्तूंवर ‘सोलर’ लिहिलेलं असतं, दोन्हींनी पाणी हलतं, म्हणून गल्लत होते. कारंज्याचा पंप पाणी ओढून वर फेकतो. एअर पंप बाहेरची हवा बारीक नळीतून तळाशी नेतो आणि एअर स्टोनमधून, म्हणजे बारीक भोकांच्या दगडातून, बुडबुडे सोडतो. त्या बुडबुड्यांतून थेट विरघळणारा प्राणवायू तसा थोडाच. त्यांचं खरं काम तळाचं पाणी वर आणायचं, म्हणजे त्याला हवा मिळते. कारंज्याचे थेंबही हवा घेतातच, पण तरंगतं कारंजं फिरवतं ते वरचंच पाणी.

खरा घोळ वेळेचा आहे. दिवसा पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळ प्राणवायू सोडतात. दिवस मावळला की तेच माशांच्या बरोबरीनं तो वापरू लागतात, त्यामुळे पहाटे तो सगळ्यांत कमी असतो. हौद जितका हिरवा, तितकी रात्र वाईट. त्यात उन्हाळा: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. बिनबॅटरीचं कारंजं भर दुपारी थुईथुई नाचतं आणि नड असते तेव्हा गप्प.

मग बॅटरी आली. ५ वॉटचा एअर पंप रात्रीचे १२ तास चालवायला ६० वॉट-तास लागतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ८४ देते, पण लेड-ॲसिड असेल तर ती निम्म्याखाली उतरवू नये. हाती उरतात ४२. म्हणून १२ अँपिअर-तासांची घ्या. पॅनेल उन्हाळ्यात २० वॉटचं चालून जातं, पण पावसाळ्याचे ढग धरून मी ४० चं बसवलं.

कारंजं काढून टाकलं नाही. संध्याकाळच्या चहाला त्याचा आवाज हवाच. फक्त त्याच्या पॅनेलवर जास्वंदीचं एक पान पडलं तरी धार बसते, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात, एक झाकला की सगळ्यांचा प्रवाह अडतो. आणि आठवड्याला कारंज्याच्या पंपाचा गाळणीचा स्पंज धुवायचा, नाहीतर शेवाळानं तुंबतो.

एअर पंप मात्र पाण्याच्या पातळीच्या वर, आडोशाला ठेवा. खाली ठेवलात आणि बॅटरी संपली, तर हौदातलं पाणी नळीतून उलटं पंपात येतं.