२५५.२५५.२५५.० कुठून आले?

घरच्या राउटरची सेटिंग उघडली की १९२.१६८.१.१ आणि त्याखाली २५५.२५५.२५५.० असे दोन आकडे दिसतात. पहिला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर यंत्राची ओळख; दुसरा सबनेट मास्क, म्हणजे त्या पत्त्यातला नेटवर्कचा भाग किती ते सांगणारा आकडा. १९८१ च्या मूळ आराखड्यात मास्कही नव्हता आणि १९२.१६८ ला काही वेगळे महत्त्वही नव्हते. अडचणी येत गेल्या तशी डागडुजी होत गेली, तिच्या या खुणा.

सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेला आरएफसी ७९१ आला (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारा क्रमांकित दस्तऐवज). त्यातला पत्ता ३२ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १). आठ-आठ बिटांचे चार गट, म्हणून प्रत्येक आकडा ० ते २५५. एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. १ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटचे पूर्वरूप असलेले आर्पानेट टीसीपी/आयपी या नियमसंचावर गेले तेव्हा त्यावर काहीशेच यंत्रे होती, त्यामुळे ४२९ कोटी म्हणजे अमाप वाटणे साहजिक होते.

घोळ वाटपात झाला. पत्त्याचा पुढचा भाग नेटवर्कचा, मागचा यंत्राचा; सीमा कुठे, हे पहिल्या एक ते तीन बिटांवरून ठरे. क्लास ए मध्ये १,६७,७७,२१४ यंत्रे मावत, बी मध्ये ६५,५३४ आणि सी मध्ये २५४. मधले माप नाही! तीनशे यंत्रांच्या संस्थेला सी अपुरा पडे, मग ती बी घेई आणि पासष्ट हजार पत्ते पडून राहत. बी नेटवर्के होती अवघी १६,३८४.

ऑगस्ट १९८५ च्या आरएफसी ९५० ने संस्थेला आपले नेटवर्क आतल्या आत तोडायची सोय दिली. मास्क तिथला: जिथे बिट १ तो नेटवर्कचा भाग, जिथे ० तो यंत्राचा. सप्टेंबर १९९३ मध्ये सीआयडीआर या नव्या वाटप पद्धतीने क्लासच मोडीत काढले आणि /२४, /२६ अशी लिहिण्याची पद्धत रुळली; आकडा म्हणजे मास्कमधले सुरुवातीचे १ चे बिट किती, म्हणून २५५.२५५.२५५.० म्हणजे /२४. /२६ म्हणजे २५५.२५५.२५५.१९२, ६४ पत्ते, पण पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम निरोप), म्हणून वापरायला ६२. हे तुकडे ०, ६४, १२८ किंवा १९२ पासूनच सुरू होतात, मनाला येईल तिथून नाही.

मास्क चुकला की बिघाड फसवा असतो. संगणक १९२.१६८.१.१०, मास्क /२४, प्रिंटर १९२.१६८.१.२००, पण चुकून /२५. संगणकाला प्रिंटर शेजारी वाटतो. प्रिंटरचा तुकडा मात्र १२८ ते २५५ एवढाच, त्यामुळे त्याला संगणक परक्या नेटवर्कातला वाटतो, म्हणून तो उत्तर गेटवेकडे, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरकडे पाठवू पाहतो. आणि गेटवे १९२.१६८.१.१ त्याच्या हिशेबात स्वतःच्या नेटवर्काबाहेर. छपाई होत नाही, आणि लोक केबल बदलत बसतात.

मे १९९४ मध्ये नॅट, म्हणजे आतल्या अनेक यंत्रांनी बाहेर एकच पत्ता वापरण्याची युक्ती, मांडले गेले आणि फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने १०/८, १७२.१६/१२, १९२.१६८/१६ हे पट्टे खासगी वापरासाठी पक्के केले. म्हणूनच तोच १९२.१६८.१.१ लाखो घरांत नांदतो. १२८ बिटांच्या आयपीव्ही६ चा पहिला आरएफसी डिसेंबर १९९५ चाच, पण तो जुन्या आयपीशी थेट बोलत नाही, त्यामुळे नॅटची उधारी लांबत गेली. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगभरचे पत्ते वाटणाऱ्या आयाना संस्थेचा मध्यवर्ती साठा संपला; भारताला पत्ते देणारी आशिया-प्रशांत विभागाची संस्था एपीनिक त्याच वर्षी १५ एप्रिलला आपल्या शेवटच्या /८ वर आली.

त्यानंतर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःच्या जाळ्यातही नॅट लावले. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४/१० हा पट्टा राखला गेला. बाहेरून सीसीटीव्ही दिसत नसेल तर राउटरचा वॅन पत्ता, म्हणजे कंपनीच्या बाजूचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर घरच्या राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड करा (बाहेरची जोडणी आतल्या यंत्राकडे वळवा), बाहेरची जोडणी तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही.